जुनेराची निवड

भारतीय वस्त्रकलेच्या अभ्यासात गोधडीचा विचार बहुधा टाक्याच्या अंगाने झाला आहे. टाका कोणता, नक्षी कोणती, धाग्याचा रंग कोणता, या प्रश्नांची उत्तरे शोधताना अभ्यासकाची दृष्टी गोधडीच्या दर्शनी बाजूवर स्थिरावते. वस्तुतः सुई हाती धरण्यापूर्वीच गोधडीचे बरेचसे काम होऊन गेलेले असते. कोणते वस्त्र आणखी काही दिवस अंगावर वापरावयाचे आणि कोणते जुनेर म्हणून बाजूला काढावयाचे, त्यातील कोणता भाग धड आहे आणि कोणता विरला आहे, वर काय लावावयाचे आणि आतल्या थरांत काय घालावयाचे, हे निर्णय आधीच घ्यावे लागतात. विणकराला सूत आणि चित्रकाराला रंग बाजारातून निवडून आणता येतो. गोधडी शिवणाऱ्या स्त्रीपुढे असते ते घरातले गाठोडे. त्या गाठोड्यात काय साठले यावर गोधडीचे रूप अवलंबून असते. आणि काय साठले हे घरातील माणसे काय नेसत होती, ते कोठून येत होते व जुने झाल्यावर कोणाकडे जात होते, यावर. या दृष्टीने पाहता गोधडीचा इतिहास हा प्रथमतः कापडाच्या निवडीचा व संचयाचा इतिहास ठरतो.

या वस्तूला प्रांतोप्रांती निरनिराळी नावे आहेत. महाराष्ट्रात गोधडी आणि वाकळ, बंगालमध्ये कांथा, बिहारमध्ये सुजनी, कर्नाटकात कौदी आणि तेथील सिद्दी समाजात कवंदी, कच्छ, थर व सिंध या पट्ट्यात रल्ली, सौराष्ट्रात धडकी. मूळ रचना सर्वत्र एकच आहे. जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक अंथरायचे आणि धावदोऱ्याने ते एकजीव करायचे. इतका साधा टाका आणि इतके साधे साहित्य असूनही बंगालची कांथा आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील कवंदी एकमेकींपासून इतक्या भिन्न का दिसतात, याचे उत्तर टाक्यात सापडत नाही. ते कापडाच्या निवडीत शोधावे लागते.

टाकाऊ कापड गोळा करण्याविषयीचे प्राचीन भारतातील तपशीलवार नियम गोधडीच्या नव्हे, तर चीवराच्या संदर्भात आढळतात. बौद्ध भिक्षूने पंसुकूल, म्हणजे धुळीत, उकिरड्यावर किंवा स्मशानात टाकून दिलेले कापड, वेचावे आणि ते शिवून पांघरावे, अशी आरंभीची रीत होती. विनयपिटकातील ‘महावग्गा’च्या आठव्या खंधकात या वेचणीचे नियम दिलेले आहेत. प्रवासात काही भिक्षू कापड शोधण्यासाठी स्मशानात शिरले आणि सोबतचे काही बाहेर थांबले, तर थांबलेल्यांना वाटा द्यावा की नाही. न थांबता पुढे गेलेल्यांनी नंतर वाटा मागितला तर काय करावे. अशा अगदी व्यावहारिक प्रश्नांचा निवाडा तेथे केलेला आहे. वाट पाहणाऱ्याला वाटा मिळावा, पुढे निघून गेलेल्याला देण्याचे बंधन नाही, असा त्याचा आशय आहे. संघाकडे कापड येऊ लागल्यावर ते स्वीकारणारा, जपून ठेवणारा आणि वाटणारा असे वेगवेगळे अधिकारी नेमावे लागले. चिंध्यांचाही हिशेब असतो, ही जाणीव या नियमांत स्पष्ट दिसते.

पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात पंसुकूलाचे तेवीस प्रकार सांगितले आहेत. स्मशानातले, दुकानाच्या दारात पडलेले, रस्त्यावर फेकलेले, उकिरड्यावरचे, बाळंतपणात वापरून टाकलेले, मांत्रिकाच्या सांगण्यावरून स्नान करून अशुभ म्हणून टाकलेले, आगीत जळालेले, गुरांनी चघळलेले, वाळवीने खाल्लेले, उंदरांनी कुरतडलेले, वाऱ्याने उडून आलेले, समुद्राने किनाऱ्यावर लोटलेले, अशी ही यादी पुढे जाते. यात कापडाचा पोत किंवा रंग यांचा विचार नाही. वर्गीकरण केले आहे ते कापड कोणाच्या हातून, कोणत्या प्रसंगाने सुटले यावरून. कापडाचा पूर्वेतिहास हाच येथे त्याचा प्रकार आहे. गृहस्थ ज्याला विटाळलेले किंवा अपशकुनी मानून दूर लोटतो, तेथून भिक्षूची निवड सुरू होते.

जीवक नावाच्या वैद्याने उज्जयिनीच्या प्रद्योत राजाकडून मिळालेले सिवेय्यक नावाचे उंची वस्त्र बुद्धाला अर्पण केले आणि गृहस्थांनी दिलेली वस्त्रे स्वीकारण्याची मुभा भिक्षूंना द्यावी अशी विनंती केली. ती मान्य झाल्यानंतर एक नवाच प्रश्न उभा राहिला. दानात आलेले कापड धडधाकट, अखंड आणि किमती असे. ते तसेच पांघरले तर चोराला मोह पडावा आणि पांघरणाऱ्यालाही. म्हणून नवे कापड मुद्दाम फाडून, त्याचे तुकडे जोडून चीवर शिवण्याचा नियम झाला. मगधातील भातखाचरांचे बांध दाखवून तसा आराखडा करता येईल का, असे बुद्धाने आनंदाला विचारले आणि आनंदाने तो करून दाखवला, अशी कथा ‘महावग्गा’त आहे. जोडकामाच्या इतिहासातील हा एक महत्त्वाचा क्षण मानावयास हवा. आधी तुकडे होते म्हणून ते जोडले जात. आता जोड हवा म्हणून तुकडे केले जाऊ लागले. वेचलेल्या कापडाची खूण नव्या कापडावर हाताने उमटवण्यात आली.

हा बदल पुढे कोठवर गेला याचा पुरावा महाराष्ट्रातच मिळतो. नाशिकजवळील लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा वर्ष ४२ चा शिलालेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी २,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक या दराने येणाऱ्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे होते. वर्षाचे व्याज २४० आणि वीस भिक्षूंचा वाटा २४०, असा हिशेब तंतोतंत जुळतो. उकिरड्यावरून उचललेल्या चिंधीपासून निघालेली ही परंपरा विणकरांच्या श्रेणीत गुंतवलेल्या मुद्दलापर्यंत येऊन पोचली. ठेव विणकरांकडेच असावी, यातही एक व्यवहार आहे. वेचण्याची जागा खरेदीने घेतली की कापड कोठून आले याची कथा संपते आणि किंमत उरते.

कंथा हा संस्कृत शब्द या वेचलेल्या कापडाशी दीर्घकाळ जोडलेला राहिला. भर्तृहरीच्या नावावरील ‘वैराग्यशतका’त जीर्ण तुकड्यांच्या कंथेचा उल्लेख येतो, नाथपंथी जोग्याच्या वेषातही कंथेला स्थान आहे. महाराष्ट्रात विसाव्या शतकात डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच गाडगे महाराज (१८७६–१९५६), चिंध्यांची गोधडी पांघरून गावोगाव फिरत आणि त्यामुळे त्यांना गोधडे महाराज असेही म्हणत. विरक्ताच्या अंगावरील कंथेला मान आहे. मात्र घरातली गोधडी विरक्तीतून आलेली नाही. तिच्यामागे थंडी आहे, लहान मूल आहे आणि काटकसर आहे.

घरातील निवडीला स्वतःचे शास्त्र आहे. नव्या कापडात खळ असते. ती सुईला अडवते आणि अंगाला बोचते. अनेक वर्षे धुतलेल्या सुती कापडातील खळ निघून गेलेली असते, ते जेवढे आटावयाचे तेवढे आटलेले असते आणि त्याचा कच्चा रंग जाऊन पक्का तेवढा उरलेला असतो. गोधडी धुतल्यावर एखादा थर आटला आणि दुसरा तसाच राहिला, तर ती चुरगळून गोळा होते. एका तुकड्याचा रंग सुटला तर शेजारचे तुकडे डागाळतात. जुनेर वापरल्याने हे दोन्ही धोके टळतात. म्हणजे जुने कापड केवळ फुकट मिळते म्हणून निवडले जाते असे नव्हे. या कामासाठी ते नव्यापेक्षा चांगले असते. तान्ह्या मुलाच्या दुपट्यासाठी आजीचे किंवा आईचे मऊ लुगडे शोधले जाते, त्यामागे मायेइतकाच हा अनुभवही असतो.

परंतु कापड जुनेर होईपर्यंत त्याला बराच प्रवास करावा लागे. नऊवारी लुगडे मध्ये विरले की विरलेला भाग कापून टाकीत आणि उरलेली दोन टोके शिवून पुन्हा नेसण्याजोगे करीत. या जोडाला दंड म्हणतात. दंड घातलेले लुगडेही फाटले की ते गाठोड्यात जाई. तेथे पुन्हा निवड होई. काठ घट्ट विणीचे, म्हणून ते गोधडीच्या कडेला. पदराचा भाग कमी झिजलेला, म्हणून तो वर. पुरुषांची धोतरे पांढरी, पातळ आणि लांबरुंद, म्हणून ती अस्तराला किंवा आतल्या थरांना. चोळीच्या खणांचे उरलेले तुकडे लहान पण रंगाने गडद, म्हणून ते मोक्याच्या जागी. या विभागणीत घरातील माणसांची वस्त्रे वयाने किंवा मानाने नव्हे, तर झिजेने आणि विणीने लावली जातात. सासऱ्याचे धोतर आत जाते आणि सुनेच्या खणाचा तुकडा वर येतो.

बंगालमध्ये निवडीने वेगळी दिशा घेतली. तेथील साड्या आणि धोतरे बहुतांशी पांढरी व फक्त काठाला रंगीत. त्यामुळे कांथेची भूमी पांढरी राहिली आणि तुकड्यांच्या रंगसंगतीऐवजी धाग्याला महत्त्व आले. तो धागाही बाजारातून येत नसे. साडीच्या काठातील रंगीत सूत एकेक करून उसवीत आणि त्याच सुताने नक्षी भरीत. जुन्या कांथांतील तांबडा, निळा आणि काळा हे मोजके रंग कलावंताच्या पसंतीपेक्षा साडीच्या काठाने ठरवलेले आहेत. एकाच साडीचे येथे दोन भाग होतात. अंग भूमी बनते आणि काठ चित्र बनतो. पुढे बाजारात रंगीत धागा सहज मिळू लागल्यावर कांथांतील रंग वाढले, हिरवा आणि पिवळा आला. रंगांच्या या वाढीवरून अभ्यासकाला धाग्याच्या व्यापाराचा अंदाज बांधता येतो.

बिहारमधील सुजनी ही प्रामुख्याने तान्ह्या मुलासाठी शिवली जाई. मुलाला जुन्या वस्त्रात गुंडाळण्याची तेथील रूढी आणि चिंध्यांची देवी चितिरिया मा यांचा संबंध सांगितला जातो. विखुरलेले सारे अखेर एकत्र यावे, असा त्या श्रद्धेचा भाव. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांच्या कवंदीत मात्र पांढऱ्या भूमीची कल्पनाच नाही. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या आणि गोव्यातून निसटून घाटावरील जंगलात वसलेल्या लोकांचे वंशज या समाजात आहेत. त्यांतील अनेकांची बोली कोकणी आहे. खाली एखादी अखंड जुनी साडी अंथरून त्या स्त्रिया कडेपासून तुकडे लावीत जातात आणि फेऱ्या घालीत मध्याकडे येतात. तुकडे आधी मापाने कापलेले नसतात. हाताला आलेला पुढचा तुकडा आधीच्या तुकड्याशी कसा बोलतो हे पाहून तो दुमडला आणि शिवला जातो. चार कोपऱ्यांवर घडी घातलेल्या लहान तुकड्यांची फुले लावतात. त्यांना ‘फुला’ म्हणतात आणि त्यांच्यावाचून कवंदी उघडी मानली जाते. बंगालमध्ये सारखेपणाची निवड होते, येथे भिन्नतेची. अमेरिकी कलेतिहासकार हेन्री ड्रुअल यांनी या कवंदींवर २०१३ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केल्यानंतर त्यांची चर्चा दूरवर झाली.

सिंध, थर आणि कच्छ येथील रल्ली आणखी एका मार्गाने जाते. तिच्या चौकटीत एकाच रंगाचे अनेक सारखे तुकडे लागतात आणि ते घरातील गाठोड्यातून मिळणे कठीण. म्हणून जुने कापड पुन्हा रंगवून घेतात, किंवा वरच्या थराला नवे कापड वापरतात. आत जुनी फडकी आणि पाठीला जुना अजरक किंवा ओढणी. नवे आणि जुने यांचा असा समझोता येथे पूर्वापार आहे. रल्ली हे नावच मिसळणे, एकत्र करणे या अर्थाच्या क्रियापदाशी जोडतात. १९४७ च्या फाळणीने हा पट्टा दोन देशांत विभागला गेला, पण चौकटींची रीत सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच राहिली.

या साऱ्या वर्णनात एक गोष्ट गृहीत धरलेली असते की निवड करणारीला निवडीचे स्वातंत्र्य होते. ते सर्वांना नव्हते. लुगडे जुनेर म्हणून बाजूला काढायचे तर नेसायला दुसरे लुगडे लागते. ज्या घरात एकच वस्त्र, तेथे गोधडीत जाई ते लक्तर. गावगाड्यात जुने कपडे वरून खाली सरकत. मालकाच्या घरची उतरलेली वस्त्रे राबणाऱ्यांच्या अंगावर येत. प्रेतावरील वस्त्र हे तर महारांच्या हक्कात मोडे. जे स्मशानवस्त्र भिक्षूच्या अंगावर व्रत म्हणून शोभले, तेच येथे जातीने लादलेले होते. १९२७ मध्ये महाड येथील परिषदांतून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे अन्न सोडून देण्याचे आवाहन केले आणि डिसेंबरमध्ये तेथे स्त्रियांपुढे बोलताना लुगडे नेसण्याची जुनी, जात ओळखू येणारी पद्धत बदलण्यास सांगितले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षेसाठी लोक पांढरी स्वच्छ वस्त्रे घालून आले. उतरलेल्या कापडाकडे केवळ जिव्हाळ्याने पाहणाऱ्या इतिहासाने ही दुसरी बाजू विसरू नये. दुसऱ्याने टाकलेले नाकारणे हीदेखील कापडाची निवडच आहे.

गाठोड्यातील कापड एकोणिसाव्या शतकापासून बदलू लागले. आधी विलायती कापड आले. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि पुढे देशी गिरण्यांचेही कापड आले. हातमागाच्या लुगड्यांतील चौकडे, रेघा आणि गडद काठ यांच्या शेजारी छापील फुले दिसू लागली. लुगड्याच्या जोडीला पातळ आले. स्वदेशी चळवळीने या कापडाला राजकीय अर्थ दिला. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळ येथे विदेशी कापडाची मोठी होळी झाली. देशात लोक उघडे असताना कापड जाळणे योग्य आहे काय, हा प्रश्न रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याच वर्षी उपस्थित केला आणि गांधीजींनी ऑक्टोबरमध्ये ‘यंग इंडिया’तून त्याला उत्तर दिले. हा वाद दोन थोर पुरुषांचा म्हणून स्मरणात राहिला. घरातल्या गोधडीची वृत्ती या दोहोंहून वेगळी होती. ती कापडाला देश विचारीत नव्हती. ते मऊ आहे का आणि टिकेल का, एवढेच विचारीत होती.

खरे संकट आले ते कृत्रिम धाग्याच्या कापडाबरोबर. टेरिलीन, टेरिकॉट आणि नायलॉनच्या साड्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वसामान्य घरांत पोचल्या. त्या वर्षानुवर्षे फाटत नाहीत, घाम शोषीत नाहीत, आणि थर अंथरले की एकमेकांवरून घसरतात. फाटतच नाही ते जुनेर कसे होणार? सुती कापड झिजत झिजत मऊ होते. पॉलिएस्टर झिजत नाही, फक्त कंटाळवाणे होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपानंतर सुती कापड विणणाऱ्या अनेक गिरण्या सावरल्याच नाहीत आणि बाजार यंत्रमागाच्या स्वस्त कापडाने भरून गेला. शहरांत दारोदार फिरणाऱ्या बोहारणीने त्या आधीपासूनच जुन्या कपड्यांना भांड्यांचे मोल लावले होते. एका पातेल्यासाठी किती साड्या द्यायच्या, या घासाघिशीत गोधडीचा हक्क मागे पडला. गाठोडे भरण्यापूर्वीच रिकामे होऊ लागले.

याच काळात हरियाणातील पानिपत येथे जुन्या कपड्यांपासून घोंगड्या बनवण्याचा उद्योग वाढला. पाश्चात्त्य देशांतून येणारे टाकाऊ लोकरी कपडे तेथे रंगवार वेगळे करतात, त्यांची बटणे व साखळ्या काढतात, ते पिंजून पुन्हा सूत कातात. रंगवार निवडल्यामुळे सूत वेगळे रंगवावे लागत नाही. हीही जुनेराचीच निवड आहे आणि तीही बहुतांशी स्त्रियांच्याच हातांनी होते. परंतु कपडा पिंजला गेल्यावर तो कोणाचा होता हे सांगणारी एकही खूण उरत नाही. या स्वस्त घोंगडीने अनेक घरांत गोधडीची जागा घेतली.

गोधडी घरातून मागे सरत असताना तिला निवडणारा एक नवा वर्ग पुढे आला होता, तो संग्राहकांचा. सनदी अधिकारी गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी बंगालच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून लोककलेच्या वस्तू गोळा केल्या. त्यांतील कांथा आज कोलकात्याजवळ त्यांच्या नावाच्या संग्रहालयात आहेत. मानदासुंदरी दासी या स्त्रीने वडिलांसाठी शिवलेली आणि आपल्या नावाची अक्षरे सुईने कोरलेली प्रसिद्ध कांथा या संग्रहात आहे. कलेतिहासकार स्टेला क्रामरिश यांनी १९३९ मध्ये कांथेवर एक विवेचक लेख लिहिला. त्यांचा संग्रह फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात आहे. त्याआधी १९२९ मध्ये कवी जसीमुद्दीन यांच्या ‘नक्शी काँथार माठ’ या काव्याने विरहिणीची कथा सांगणारी कांथा बंगाली वाचकांच्या मनात कायमची रुजवली होती.

संग्राहकांचे ऋण मोठे आहे. त्यांनी निवडले नसते तर हे सारे नष्ट झाले असते. पण त्यांचीही निवडच होती. चित्रे, अक्षरे आणि नक्षी असलेल्या कांथा त्यांनी घेतल्या. नुसत्या पांघरण्याच्या जाड लेपकांथा, ठिगळांची वाकळ, मुलाखालचे दुपटे यांना संग्रहालयात फारच थोडे स्थान मिळाले. वापरून झिजलेली वस्तू संग्राहकाला नको असते आणि गोधडीचा तर धर्मच झिजणे हा आहे. एकोणिसाव्या शतकापूर्वीच्या कांथा जवळजवळ मिळत नाहीत, याचेही कारण तेच. ज्या मिळतात त्या बहुधा जपून ठेवलेल्या, पाहुण्यांपुढे अंथरलेल्या. त्यामुळे गोधडीचा लिखित इतिहास तिच्या सणासुदीच्या रूपाचा इतिहास झाला आहे.

आज पुनरुज्जीवित झालेल्या कांथा आणि सुजनी बहुतांशी नव्या कापडावर होतात. मुजफ्फरपूर जिल्ह्यातील भुसुरा गावात १९८८ पासून स्त्रियांनी संघटितपणे सुजनीचे काम सुरू केले. नव्या सुती कापडावर त्यांनी हुंडा, मुलींचे शिक्षण, स्वतःची मिळकत असे विषय आणले. तेथील निर्मला देवी यांना २०२५ मध्ये पद्मश्री देण्यात आली. जुन्या सुजनीत कापडाला स्मृती होती, पण शिवणारीला मजुरी नव्हती आणि बहुधा नावही नव्हते. नव्या सुजनीत मजुरी आणि नाव आहे, कापड मात्र कोरे आहे. यात कोणती हानी मोठी, हे ठरवण्याचा अधिकार संग्रहालयात उभ्या असलेल्या प्रेक्षकाला नाही. चीवराच्या इतिहासाने हा पेच पूर्वी एकदा पाहिलेला आहे. फरक इतकाच की तेथे निधी विणकरांच्या हाती राहिला. येथे तो प्रथमच शिवणाऱ्या स्त्रीच्या हाती येऊ लागला आहे.

अभ्यासकांपुढे मात्र एक काम शिल्लक आहे. गोधडी जीर्ण झाली की बहुधा ती फेकून देत नाहीत. तिच्यावर नवे जुनेर चढवून पुन्हा शिवतात आणि जुनी गोधडी नवीच्या पोटात राहते. अशा गोधडीचा काळ वरच्या कापडावरून ठरवला तर तो केवळ शेवटच्या शिवणीचा काळ असतो. संग्रहालयाच्या नोंदीत आकार, टाका आणि नक्षी यांचे वर्णन असते. आतल्या थरांविषयी बहुधा ‘सुती कापड’ एवढेच लिहिलेले असते. ते कापड हातमागाचे की गिरणीचे, धोतराचे की लुगड्याचे, त्यात दंड आहे की नाही, सूत हाताने कातलेले आहे काय, हे एखाद्या उसवलेल्या कोपऱ्यातून डोकावून पाहता येते. नक्षी पाहण्यासाठी असते, म्हणून ती विचारपूर्वक काढलेली असते. आतले थर कोणी पाहणार नाही अशा विश्वासाने घातलेले असतात. त्या घरात काय नेसले जात होते, याविषयी त्यांची साक्ष म्हणूनच अधिक भरवशाची आहे.